घड्याळजीची मोजणी

टेबलावर चार वस्तू होत्या: डिगॉक्सिनची बाटली, बिनसुईची सिरिंज, स्टेथोस्कोप आणि सेकंदकाट्याचं खिशातलं घड्याळ. घड्याळजीच्या बायकोच्या मांडीवर त्यांची पाच महिन्यांची ठकी. तिच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतःच भोक होतं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की ऑपरेशनपर्यंत हे औषध हृदयाला जोर देईल, पण ठोके मंदही करील. म्हणून प्रत्येक डोसआधी पूर्ण मिनिटभर ठोके मोजा. शंभराच्या खाली आले तर थेंबही देऊ नका, मला फोन करा.

मोजायचं काम घड्याळजीने आपणहून अंगावर घेतलं. चावीचं घड्याळ मिनिटाला तीनशे ठोके देतं. त्यात उभी हयात घालवलेल्याला पोरीचे ठोके म्हणजे हातचा मळ. पहिल्या दिवशी अडीचशे भरले होते, आज एकशे शहात्तर. औषध लागू पडलंय, असं म्हणत त्याने खुशीत सिरिंज भरली.

बायकोच्या मनाला ते पटेना. ठकी कालपासून दूध ओकत होती, हाकेला मान वळवत नव्हती. तिने पोरीच्या छातीवर बोटं टेकली आणि काट्याकडे बघत मोजलं.

"अठ्ठ्याऐंशी."

मधले कुठे सांडले, असं त्याने हसून विचारलं. आपला ठोका कधी चुकत नाही, हेही ऐकवलं.

"तुझ्या कानात घड्याळ बसलंय," ती म्हणाली. "आता मोठ्याने मोज. मला बोटांना लागलं की मी टेबलावर थाप देते."

त्याने स्टेथोस्कोप लावला. एक म्हणताच थाप पडली. दोनला नाही. तीनला पडली, चारला नाही. आठपर्यंत पोचून त्याने मोजणं थांबवलं. घड्याळाचं टिक वेगळं आणि टक वेगळं मोजायचं, ही धंद्याची रीत. हृदयाचं मात्र लब आणि डब मिळून एकच.

त्याने सिरिंज मोरीत रिकामी केली. "फोन लाव," तो म्हणाला.

ठकीला लगेच दवाखान्यात नेलं. रक्तात औषध जास्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी ते थांबवून तिला मॉनिटर लावला आणि पुढचा डोस कमी करायचं ठरवलं. यापुढे मोजायला दुसरं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं.

"मोजणार मीच," घड्याळजी म्हणाला. "कान चांगलेच आहेत, हिशेब तेवढा सुधारलाय."

बायको म्हणाली, थाप द्यायला मी आहेच.

तिसऱ्या दिवशी मॉनिटरकडे पाठ करून त्याने मिनिटभर ऐकलं. त्याचे भरले एकशे सोळा. मॉनिटरवर एकशे सोळा.