जावयानं इंजिनाला पुट्टी भरली

जावयाला नावं ठेवू नयेत म्हणतात. ज्यांनी हे म्हणून ठेवलं त्यांना जावई बरे मिळाले असतील. आमचा येतो तो घरून चहा पिऊन येतो, इथे आणखी एक पितो, आणि कप उचलायची वेळ आली की त्याचा फोन वाजतो. तेवढं मी गिळलं असतं. पण त्यानं माझ्या मोटरसायकलच्या इंजिनाला पुट्टी भरली. हे मात्र घशाखाली उतरणारं नव्हतं.

गाडी माझी. मी कापड रंगवते. चादरी, पडदे, गणवेशाचे तागे. ओली गाठोडी वाहून मान धरली तेव्हा ती घेतली, आणि गुडघ्यानं किक मारायला साफ नकार देईपर्यंत मीच चालवली. लोक हसले. हसेनात का, दात त्यांचे. मग गाडी लेकीला चालवायला दिली. तिला आता गावाबाहेरच्या पाण्याच्या टाक्यांवर पाणी तपासायची नोकरी लागलीय. कायमची. सोमवारी रुजू व्हायचं होतं. रोज उजाडायच्या आत हजर, आणि त्या वेळेला तिकडे बस सोडा, कुत्रंही फिरकत नाही. म्हणजे गाडी असेल तर नोकरी, गाडी गेली की घरात बसायचं.

हे जावयाला चांगलं ठाऊक होतं. तरी मोठ्या मायेनं म्हणाला, "आई, इंजिन किती कळकट झालंय! द्या माझ्याकडे, नवं करून देतो." तो घरं रंगवायची कामं घेतो, हाताखाली चार माणसं आहेत. मला वाटलं, चला, सूर्य आज पश्चिमेला उगवला.

गाडी परत आली ती लखलखत. चंदेरी रंग, डोळे दिपावेत असा. पण मी जवळ जाऊन वाकले. इंजिनाच्या अंगावर पातळ पातळ पट्ट्या असतात, एकीखाली एक, मधे फट. त्या फटींतून वारा खेळतो म्हणून इंजिन गार राहतं. मी फटीत बोट घालायला गेले तर फटच नाही. सगळं सपाट, गुळगुळीत, पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीसारखं.

"हे काय केलंत जावईबापू?"

"पुट्टी मारली. फटींत घाण बसायची ना. आता फडका फिरवला की झालं."

जन्मभर भिंतीच्या भेगा बुजवल्या, भेग दिसली की हात आपोआप पुट्टीच्या डब्याकडे. त्याला ती चूक वाटतच नव्हती. उलट कौतुकाची वाट बघत उभा होता.

लेक म्हणाली, "अहो, तापून जाम होईल ते!"

"तुला कुठे चालवायचीय? रविवारी एक गिऱ्हाईक बघायला येतंय. तोवर चमकली म्हणजे बास."

असं होतं तर. मी लेकीकडे पाहिलं. "तू हो म्हणालीस?"

"मला आत्ता कळतंय."

"आई, तुम्हीच सांगा," जावई म्हणाला, "अंधारात बाईमाणूस फटफटीवर. लोक मला विचारतात, घरात काही कमी पडतंय का?"

"लोकांना माझ्याकडे पाठवा. मी सांगते काय कमी पडतंय ते."

तो गेला आणि मी पदर खोचला. लेकीला म्हटलं, "रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, नंतर हात मोकळे नसतील." ती रडली नाही. पाना घेऊन आली.

पेट्रोलची टाकी उतरवली. इंजिनात पाणी जाईल अशी प्रत्येक जागा प्लास्टिकनं बांधली. मग पुट्टी खरवडायला बसलो. फटीत पत्रा घातला तर ओरखडे पडतात, म्हणून बांबूच्या चिपा तासल्या. जुने दातांचे ब्रश संपले, तेव्हा लेक घरून जावयाचा नवा घेऊन आली. काही खर्च योग्य जागीच होतात.

पुट्टीखाली काय असावं? तेल! पठ्ठ्यानं तेलाचा थरसुद्धा पुसला नव्हता. आमच्या धंद्यात कोऱ्या कापडाची खळ धुतल्याशिवाय त्याला रंगात बुडवलं तर रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात पळतो. लोखंडाची जात वेगळी, खोड तीच. थिनरनं धुतलं, साबणाच्या कढत पाण्यानं धुतलं, वाळवलं, आणि लेकीला दम दिला, "आता उघडं बोट लावशील तर बघ. बोटालाही तेल असतं."

रंग आणला तो उष्णता सोसणारा, काळा. लेकीनंच निवडला. तिला एकदाच जाड हात मारून मोकळं व्हायचं होतं.

"पातळ मार. पहिला हात धूळ बसल्यासारखाच दिसला पाहिजे."

"पण मग खालचं दिसतंय अजून!"

"दिसू दे. त्याला काय लग्नाला जायचंय?"

हात पातळ, मधे वाळायला वेळ, पुन्हा हात. दुकानदारानं बजावलं होतं की हा रंग नुसता वाळून भागत नाही, भाजावा लागतो. इंजिन थोडं चालू ठेवायचं, बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं, मग पुन्हा, थोडं जास्त. तेव्हा कुठे तो धातूला घट्ट धरतो.

रविवारी शेवटचं भाजणं चालू होतं. इंजिनावरून धूर निघत होता, वासानं डोकं उठलं होतं, आणि तेवढ्यात जावई गिऱ्हाईक घेऊन दारात.

"अहो आई! जाळलंत इंजिन!" म्हणत त्यानं धुण्यासाठी पाणी भरून ठेवलेली माझी रंगाची बादली उचलली.

मी इंजिनासमोर उभी राहिले. "ओता. आधी माझ्यावर ओता. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, आणि मी तर केव्हाची तापलेय."

बादली खाली गेली. गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसलं. समजूतदार माणूस, चहा प्यायल्यावर कप स्वतः विसळणारा. इंजिन पार गार झाल्यावर त्यानं फडका पेट्रोलमध्ये भिजवून इंजिनाच्या कडेला जोर लावून घासला. फडका पांढरा तो पांढराच. फटींत बोटं घालून बघितली.

"मावशी, गाडी मला द्याच. भाव तुम्ही सांगा."

जावयाचा चेहरा उजळला. मी म्हटलं, "विकायची नाही. गाडी माझ्या नावावर आहे, माझ्यापाशी विकायला फक्त चादरी आहेत. तुम्हाला फुकटची खेप घडवली ती आमच्या जावईबापूंनी, त्याचा जाब त्यांना विचारा."

तो हसत निघून गेला. जावई नाही हसला. "आई, चार माणसांत माझा अपमान केलात. ठीक आहे, नाही विकत. पण गाडी मीच चालवणार. मीच सोडेन हिला कामावर, वेळ मिळेल तसा." आणि त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

वेळ मिळेल तसा! लेकीनं किल्ली मुठीत धरली होती. ती गाडीवर बसली आणि एका किकेत गाडी चालू केली. जावयाचा हात अजून पुढेच होता.

मी म्हटलं, "जावईबापू, हात आवरा. उद्यापासून ही उजाडायच्या आत निघेल, रोज, आणि पुढे तीच बसेल. तुम्हाला यायचं असेल तर मागची जागा रिकामी आहे. पाय जपून ठेवा, सायलेन्सर भाजतो."