रविवारच्या बाटल्या

एप्रिलची दुपार. तांबाकुंदा गावाच्या बाहेर, बाओबाबच्या झाडाभोवती बूना पळत होता. अंगात प्लास्टिकचा रेनकोट, त्यावर जाड जॅकेट आणि डोक्यावर चक्क लोकरी टोपी! रविवारी त्याची कुस्ती होती, आयुष्यातली सगळ्यात मोठी. त्याची बहीण सिगा झाडाखाली बसून नुसती चडफडत होती.

"वस्ताद, पाणी तरी आणायचं ना!"

"पाण्यानं अंग जड होतं," सांबा वस्ताद म्हणाला. "घाम आटला की समजायचं, अंग पक्कं झालं. तुझ्यासारखा शेंगा खात बसत नाही तो."

"मग तुम्ही पळा. पोट तरी आटेल."

बूना थांबला. सिगाने बघितलं, तर त्याचा चेहरा कोरडा ठाक.

"झाला पक्का!" वस्तादने टाळी वाजवली.

बूना हसत, लटपटत सिगापुढे आला. "आई, भात झाला का गं?"

"आई? डोळे फुटले का तुझे?"

तो वळला, सरळ झाडाच्या बुंध्यावर आदळला आणि खाली पडला. सिगाने त्याच्या मानेला हात लावला आणि झटकन मागे ओढला. तापलेला तवा होता तो! माणसाचं अंग एवढं तापतं?

"पाणी!"

पाणी कुठलं? गाव लांब. होती फक्त बूनाची पिशवी. तिच्यात मराबूबाबांनी मंत्रून दिलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. रविवारी ढोल वाजला की अंगावर ओतायच्या. त्याआधी उघडल्या तर नशीब वाळूत गेलं. बूना त्या उशाशी घेऊन झोपायचा, इथेही बरोबर आणायचा. सिगाचाही त्यांच्यावर विश्वास होता. तिने कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तिने जॅकेट ओढून काढलं, रेनकोट टराटरा फाडला आणि पहिल्या बाटलीचं बूच दातांनी उपटलं. वस्तादने तिचं मनगट धरलं.

"वेडी झालीस? रविवारी काय ओतणार?"

"रविवारी कशावर ओतणार? मढ्यावर?"

त्याचा हात सुटला. सिगाने मानेवर ओतलं, काखेत ओतलं, छातीवर ओतलं. पाण्यात भिजवलेल्या जडीबुटीचा उग्र वास सुटला. ती जॅकेटने वारा घालत ओरडली, "उभे काय राहिलात? घोडागाडी आणा! पळा! आणि वाटेत पाणी पिऊ नका, अंग जड होईल!"

म्हातारा खरंच पळाला.

बाटल्या संपत आल्या. बूनाचे डोळे उघडेच, पण त्यांत कोणीच नव्हतं. शेवटची बाटली सिगाने त्याच्या डोक्यावर पालथी केली.

त्याची पापणी हलली. त्याने वाळूतल्या रिकाम्या बाटल्यांकडे बघितलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"सिगे... रविवारच्या... उघडल्यास? हरामखोर!"

"काय म्हणालास?"

"हरामखोर."

"त्याच्या आधी."

"...सिगे."

सिगा मटकन खाली बसली. तिने जॅकेट उचलून पुन्हा वारा घालायला घेतला.

"घाल," ती म्हणाली, "अजून शिव्या घाल."