मोगरीच्या कानावरचा डाग

मेलेल्या शेळीचा हेवा करायचं वय शोभाबाईंचं नव्हतं. पण त्या करत होत्या, आणि चांगला सणसणीत करत होत्या.

धाकटा भाऊ हिलाल लेखक. मुलांसाठी प्राण्यांची साहसं आणि मोठ्यांसाठी स्वतःच्या फजितीच्या आठवणी लिहायचा. त्याच्या नव्या पुस्तकात नंदुरबारबाहेर मिरच्या वाळवायच्या पथारीवर तरस येतो. झोपडीत बाळ झोपलेलं. मोगरी शेळी मिरच्यांची टोपली चुलीत लाथाडते, ठसक्याने तरस पळतो, मोगरीचा कान भाजतो. मुखपृष्ठावर मोगरी, गळ्यात हार.

खरी मोगरी तर सगळ्यात आधी दोरी तोडून पळाली होती. टोपली ओतली ती बारा वर्षांच्या शोभीने. तिचा हात कोपरापर्यंत भाजला. आणि आठवणींच्या जाडजूड पुस्तकात तिच्या वाट्याला एकच ओळ: ताईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीला तोड नाही.

शाळेत पुस्तक वाचून दाखवायच्या कार्यक्रमाला निघताना शोभाबाईंनी विचारलंच. "चुल्हामा मिरच्या त मी टाकेल व्हत्यात ना, भाऊ?"

"पोरेस्ले बकरी आवडस, ताई," हिलाल हसला.

"आनि मोठास्ना पुस्तकमा?"

त्यावर त्याने चप्पल शोधायला सुरुवात केली. जगाला हसवणाऱ्या माणसाला, बहिणीने आपला जीव वाचवला, एवढं साधं वाक्य जड जात होतं. शोभाबाईंना शेळीचा राग आला. भावावर रागावायची सवय नव्हती ना.

शाळेत मुलं हसून लोळली. मोगरीसाठी टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीत शोभाबाईंनी हात मांडीवरच ठेवले. मग रविना नावाची मुलगी उठली. "सर, मोगरी अजून आहे का?"

"नाही गं बेटा. ती कधीच गेली."

"गयी नई," मागून आवाज आला. शोभाबाई उभ्या होत्या. "जित्ती शे." त्यांनी बाही वर सरकवली. "बकरी त पळी गयी व्हती."

रविना जवळ आली. तिने हातावरचा चुरगळलेला, पांढुरका डाग पाहिला, मग मुखपृष्ठावरच्या शेळीचा कान पाहिला. तिला सगळं कळलं. फक्त एक गोष्ट कळली नाही.

"शेळी पळाली, मग तुम्ही का नाही पळालात?"

शोभाबाईंनी स्टेजकडे पाहिलं. हिलालच्या हातात माइक होता आणि तोंडात एकही विनोद नव्हता.

"मन्हा भाऊ झोपेल व्हता ना तठे," त्या म्हणाल्या.