पेपरवाल्यांची माफी

रंगराव नागपूरच्या कौन्सिलाची बातमी वाचत होते, तेवढ्यात कौशल्याबाई तरातरा पारावर चढल्या आणि त्यांच्या हातातला पेपर त्यांनी ओढून घेतला.

"आज मी वाचतो."

बायका पारावर चढत नसत. पण कौशल्याबाईंच्या जिभेला सारं गाव वचकून होतं. उकंडराव तेवढा हसला.

"तुमाले वाचता येते का वो, काकू?"

"पोथीपुरतं येते. तुह्यासारखी अंगठाबहाद्दर नाही मी."

गेल्या महिन्यात याच पारावर रंगरावांनी पेपरातून वाचून दाखवलं होतं, की कौशल्याबाईंच्या घराण्यात रक्तपिती म्हणजे महारोग आहे, सरकारी डॉक्टरनं तपासलं आहे. रंगरावांच्या भाच्याला बाईंनी मुलगी नाकारली होती, त्याचं हे उट्टं. त्या मुलीचं, कोकिळेचं, मेहकरला ठरलेलं लग्न मोडलं. छापलेलं खोटं कसं असंल, असं जो तो म्हणे. त्या पारावर दुसऱ्या कोणाला अक्षर येत नव्हतं. वाचून झालेला पेपर दुकानात पुड्यांना जाई. कौशल्याबाईंनी तो फाटण्याआधी उचलून आणला आणि एकेका अक्षरावर बोट दाबत चारही पानं पालथी घातली. घराण्याचं नाव कुठंच नव्हतं. पण सांगायचं कोणाला? बाई खोटी, पेपर खरा.

आता पारावर त्यांनी ओढून घेतलेला पेपर डोळ्यांजवळ धरला आणि पोथीच्या चालीवर सुरू केलं.

"'मागं आलेली... कौशल्याबाईच्या घरची बातमी... साफ खोटी. ती देणाराचं नाव... रंगराव. पेपरवाले बाईची... माफी मांगतात.'"

रंगराव ताडकन उठले.

"हे त्यात नाही! मनचंच वाचून राह्यली बाई!"

"काऊन? पेपरात नसलेलंबी वाचता येते का, रंगरावभाऊ?" कौशल्याबाईंनी पेपर त्यांच्या नाकासमोर धरला. "सांगा चारचौघांत. तुमाले ठाऊक असंल."

सगळे रंगरावांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी उपरण्यानं मान पुसली.

"हाव," ते म्हणाले. "हाये. खाली बारीक अक्षरात हाये. मलेबी कोणी खोटंच सांगतलं व्हतं."

मेहकरच्या नवरदेवाचे मामा भगवंतराव बाजारासाठी आले होते, ते पारावरच होते. ते हात जोडून उठले.

"चुकलं आमचं, बाई. पोरगं तर अजून हट्ट धरून बसलं हाये, करीन तर तीच. उद्याच सुपारी घेऊन येतो."

कौशल्याबाईंनी सावकाश पान उलटलं.

"थांबा, अजून हाये. 'कानाच्या हलक्या माणसांचं घर... मुलीच्या आईनं... नाकारलं.'"

कोणीतरी फिसकन हसलं. भगवंतराव जोडे पायात घालून मान खाली घालून निघून गेले.

कौशल्याबाई पेपर काखेत मारून ताठ मानेनं घरी आल्या. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. कोकिळा चुलीपुढं भाकरी थापत होती.

"पाह्यलं? रंगरावाच्या तोंडून वदवून घेतलं मी. मामाचंबी नाक कापलं."

"ऐकलं." कोकिळेनं भाकरी तव्यावर टाकली. "आई, तो हट्ट धरून बसला म्हणे."

"बसू दे."

कोकिळेनं हाताचं पीठ झटकलं आणि ती आईसमोर येऊन बसली.

"पेपरात माह्या मर्जीचं काय लिहिलं व्हतं? तेवढं वाचून दाखव."

कौशल्याबाईंनी पेपर मांडीवर उघडला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ते पुढं सरकेना.