तेवीस नंबरची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, बोटभर उंचीची तपकिरी काचेची बाटली आहे. सध्या खिडकीत ऊन खात बसले आहे. त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण माझं उमेदीचं सारं आयुष्य फ्रीजमध्ये, चंदेरी कागदात गुंडाळून गेलं. दिसायचं काहीच नाही, म्हणून कान मात्र तिखट झाले.

माझ्या पोटात चिमूटभर पिवळा रंग होता. तो प्रयोगशाळेतल्या धाकटीने बनवला. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी. जिवंत पेशीत जस्त कुठे दडलं आहे ते शोधायचं, हा तिचा ध्यास. त्यासाठी तिने रंगाच्या कणाला जणू एक हात दिला आणि एक हिरवा दिवा. हातात जस्त आलं की दिवा लागावा, हात रिकामा असला की अंधार. यात तिची तीन वर्षं गेली आणि बावीस रंग नापास झाले. बाविसावा तर भलताच उतावळा, जस्त असो नसो, आपला चमकतोय! तो माझ्या शेजारच्या बाटलीत होता. मी तेवीस. उजेडाने रंग विटतो, म्हणून धाकटीने आम्हा दोघींना कागदात गुंडाळलं आणि घाईघाईत नंबरही कागदावरच टाकले.

"हा चालला नाही, तर विषय बंद करू," प्रयोगशाळेच्या बाई तिला म्हणाल्या. बाई बोलायच्या हळू, पण शब्द फिरवायच्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी फ्रीज उघडला आणि धाकटीने शेजारणीला उचललं! दोनच दिवसांपूर्वी आमचे कागद बदलले होते आणि माझा नंबर तिच्या अंगावर गेला होता. मी आतल्या आत किती ओरडले! पण बाटलीचं कोण ऐकतं?

"जस्त काढून घेतलंय, तरी पेशी हिरव्यागार," धाकटी पुटपुटली. मग बराच वेळ नुसता टेबल पुसल्याचा आवाज येत राहिला. मला फार वाईट वाटलं.

सफाईच्या मावशी आत आल्या. "काय गं, तोंड का पाडून बसलीस?"

"तेवीसही गेला, मावशी."

मावशींनी बादली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अगं, परवा दोन बाटल्यांचे कागद फाटले होते, ते मी बदलले. नंबर बघून लिहिले, पण दोन्ही एकदमच सोडल्या होत्या. अदलाबदल झाली असेल. माझं चुकलं बघ."

"तुमचं कसलं? काचेवर लिहायला मला काय धाड भरली होती?"

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. जस्त नसलेल्या पेशी काळ्याकुट्ट राहिल्या. मग जस्त घातलं.

"लागला! मावशी, दिवा लागला!"

बाई हळूच म्हणाल्या, "चालू दे तुझा विषय."

पुढे माझ्यातला रंग वापरून संपला. धाकटीने मला फेकलं नाही. काच कोरायची लेखणी मावशींच्या हाती देऊन ती म्हणाली, "आता नंबर तुम्हीच घाला." मावशींना काच कोरायची सवय नव्हती, म्हणून माझ्या पोटावरचा तेवीस थोडा तिरका आहे. मला तो फार आवडतो.

मित्रांनो, नाव घालायचं तर वस्तूवरच घाला, वेष्टनावर नको. आणि आपलं चुकलं असं वाटलं, तर मावशींसारखं लगेच बोलून टाका. त्या दिवशी त्या गप्प बसल्या असत्या, तर माझा दिवा कुणीच पाहिला नसता.