अर्धा पुलर

"आता अजून एक घाव घातलाव तर पुली न्हाई, माजं पोट फुटंल," शोभाबाई म्हणाली.

श्रीमंतचा हातोडा वर गेला होता तो तिथेच थांबला. व्हाइसमध्ये आवळलेल्या पंपाच्या पुलीवरून नखाएवढा टवका उडून त्याच्या चपलेपाशी पडला होता. त्याने तो उचलला, फुंकर मारून शर्टाच्या खिशात टाकला, जणू संध्याकाळी चिकटवायचाच आहे.

"नऊपासनं हानायलाव. बारा वाजायले. डिझेल वतून झालं, तापवून झालं, दोन्हीकडनं पहारी घालून झाल्या. आता काय, तिच्या पाया पडायचं का?"

"तुमीच बघा की करून."

"म्या केलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

भांडण होतं ते एका जुन्या पुलीवरून. शोभाबाईची जीप सतरा वर्षांची. पाण्याचा पंप गळायला लागला म्हणून तिने बिदरहून नवा आणला. खोक्यात पंप होता, गॅस्केट होतं, पुली नव्हती. जुन्या पंपाची पुली उपटून नव्यावर बसवायची, अशीच त्या गाडीची रीत. कंपनीने पुली करणं कधीच सोडलं होतं आणि बिदरच्या भंगारवाल्यांकडे शोभाबाई दोन दिवस फिरून आली होती. म्हणजे जगात पुली एकच. ती जुन्या पंपाच्या दांड्यावर गंजून अशी बसली होती की दोन्ही मिळून एकच लोखंड वाटावं.

शोभाबाई ती जीप स्वतः चालवायची. रोज सकाळी हळ्ळीखेडच्या चौदा बायका बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात नेऊन सोडायची, संध्याकाळी आणायची. नवरा गेल्यावर स्टिअरिंग धरलं तेव्हा गाव हसलं होतं. आता गावातल्या चौदा चुली तिच्या वेळेवर पेटतात. दोन दिवस जीप बंद म्हटल्यावर ठेकेदाराने फोनवर सांगितलं होतं, उद्या सातला गेटवर गाडी दिसली नाही तर बायका मिनीबसमध्ये बसतील, आणि मग रोजच बसतील.

"पुलर न्हाई का वो तुमच्याकडं?" शोभाबाईने विचारलं.

शेजारच्या चहाच्या टपरीवर माउली कप विसळत होता. त्याचे हात थांबले. बाकावरच्या दोघांनी मान वर केली. फाट्यावर हा प्रश्न कोणी विचारत नसे. शोभाबाईला हे ठाऊक होतं आणि तरीही तिने विचारला, कारण बारा वाजले होते.

"हाय," श्रीमंत म्हणाला. "अर्धा."

श्रीमंत आणि बसलिंगप्पा यांचं दुकान बावीस वर्षं एकत्र होतं. त्यातली फाट्याने मोजलेली भांडणं दोन, तीही चहात साखर किती यावरून. बाजारातले पुलर ट्रॅक्टरच्या हबवर फाकतात म्हणून दोघांनी स्वतःच एक केला. तीन पायांचा सांगाडा श्रीमंतने भट्टीत घडवला, मधला बोल्ट बसलिंगप्पाने हुमनाबादला लेथवर आटे पाडून आणला. पाय पुलीच्या मागे अडकवायचे, मधला बोल्ट दांड्यावर टेकवून पिळत जायचं. मग पुलीची काय बिशाद.

सहा वर्षांपूर्वी बसलिंगप्पाच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिकेत खाली त्रेसष्ट नावं छापली होती. सोसायटीचे चेअरमन होते, टायरवाला होता, कधी फाट्यावर न थांबलेला एक माजी सभापती होता. श्रीमंतचं नाव नव्हतं. बसलिंगप्पा म्हणाला, छापखान्याची चूक. छापखाना भीमनगरातल्याच नावापाशी नेमका कसा अडखळतो, हे श्रीमंतने विचारलं नाही. तो लग्नाला गेला, जेवला, आहेर दिला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, वाटणी करू.

फाट्यावरच्या जुन्याजाणत्या रामरावांना पंच नेमलं. त्यांनी पाने वाटले, जॅक वाटले, रस्त्याच्या दोन बाजू वाटल्या. पुलर कोणीच सोडेना. म्हातारा पोचलेला. म्हणाला, सांगाडा घडवणाऱ्याचा, बोल्ट आटे पाडणाऱ्याचा, आणि लागेल तेव्हा दोघांनी मिळून लावायचा. एकाचा तुकडा दुसऱ्याकडे एकटा जायचा नाही. महिन्याभरात झक मारत एकत्र येतील असा त्याचा हिशेब होता. रामराव वारून तीन वर्षं झाली, हिशेब अजून जुळला नव्हता. पुलर सहाशे रुपयांना नवा मिळतो हे दोघांनाही माहीत होतं, पण आधी कोण आणतो हे दोघंही बघत होते.

दोघांनी मग भाषासुद्धा वाटून घेतल्या. श्रीमंत कानडी बसलिंगप्पाच्या बापाच्या दुकानात शिकलेला, अस्सल. वाटणीनंतर त्याने तिचा एक शब्द उच्चारला नाही. कानडी गिऱ्हाइकाला तो हिंदीत उत्तर द्यायचा आणि गिऱ्हाईक गेल्यावर समोर बघायचा.

समोर बघणं हे त्याचं दुसरं काम. बसलिंगप्पाच्या दारात किती गाड्या थांबल्या, किती परत गेल्या, हे त्याच्या तोंडपाठ. गेल्या आठ महिन्यांत थांबल्या अकरा आणि अकराही परत. "टाइम न्हाई" म्हणून बसलिंगप्पा खुर्चीत बसून असायचा, खांद्यावरचं उपरणं पोटाशी गुंडाळून. शटरसुद्धा सकाळी एका दमात वर जायचं नाही. अर्ध्यात थांबायचं, मग राहिलेलं जायचं.

"माज बघ," श्रीमंत माउलीला म्हणायचा. "आता शटरबी दोन टप्प्यांत."

शोभाबाई रस्ता ओलांडून गेली. बसलिंगप्पा खुर्चीतून उठला नाही.

"अप्पा, बोल्ट पायजे."

"कुनाला?"

"मला."

"तुमच्याकडं पुलर हाय का अक्का, बोल्ट घ्यायला?"

"अप्पा, तुमाला समदं दिसायलंय हितनं. नऊपासनं बघायलाव."

बसलिंगप्पाने रस्त्यापलीकडे पाहिलं. "तीन तास हातोडा. ह्यालाच उस्ताद म्हन्तात म्हनं हळ्ळीखेडात." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "बोल्ट एकटा जात न्हाई. पंचाचा शब्द हाय. बोल्टासंगं मी येनार, मीच पिळनार."

ती परत आली. श्रीमंतने ऐकून घेतलं आणि हातोडा पुन्हा उचलला.

"माज्या दुकानात त्याचा पाय पडायचा न्हाई."

"तुमच्या दोघांच्या पायांचं मला काय करायचंय?" शोभाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्यामुळे टपरीवर जास्त नीट ऐकू आला. "चौदा बायका हाईत. त्यातल्या सहाजणींच्या घरात दुसरं कमावनारं न्हाई. त्यांच्या दारात जाऊन काय सांगू? एका म्हाताऱ्याचा पाय आत येईना आन् दुसऱ्याचा भाईर जाईना, म्हनून काम गेलं?"

तिने व्हाइसचं टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि फरशीवर कर्कश आवाज करत उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं.

"घ्या. तुमी आत, ते भाईर. कुनी कुनाकडं गेलं न्हाई."

बसलिंगप्पा आला. मागे माउली आला, बाकावरचे दोघे आले आणि उसाचा ट्रॅक्टर थांबवून एक ड्रायव्हरही उतरला. ते सगळे बसलिंगप्पाच्या पाठीशी रस्त्यावर उभे राहिले. आत श्रीमंत आणि पंप धरायला शोभाबाई.

श्रीमंतने फळीवरून सांगाडा काढला. बसलिंगप्पाने धोतराच्या फडक्यातून बोल्ट सोडवला. सहा वर्षांत दोन्ही तुकड्यांना काही काम नव्हतं, तरी दोन्हींवर ताजं ग्रीस होतं.

"पाय नीट अडकवायला सांगा," बसलिंगप्पा शोभाबाईला म्हणाला.

"पाय ज्यानं घडवलेत त्याला कळतंय, म्हनावं."

बसलिंगप्पाने डाव्या हाताने बोल्ट आट्यात धरला आणि फिरवला. बोल्ट लोण्यात गेल्यासारखा आत गेला आणि दांड्यावर टेकला. आता पाना. त्याने उपरण्यातून उजवा हात बाहेर काढला, पान्यावर ठेवला आणि डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून पान्याभोवती मिटली, लहान मुलाच्या मुठीत काही द्यावं तशी.

श्रीमंतने ते पाहिलं.

बसलिंगप्पाने अंगाचा भार टाकला. बोटं उघडली, पाना घसरून टेबलावर आपटला.

"अप्पा, जोर लावा की," मागून ट्रॅक्टरवाला म्हणाला. "जेवला न्हाई का?" बाकावरचा एक हसला.

बसलिंगप्पाने पाना पुन्हा चढवला, बोटं पुन्हा मिटली. कपाळावर घाम आला होता. पाना पुन्हा सुटला. मागच्यांना त्याची पाठ दिसत होती, तेवढीच. त्याने मान वर केली आणि श्रीमंतकडे पाहिलं. अकरा गाड्या श्रीमंतला त्या एका क्षणात पुन्हा मोजाव्या लागल्या. शटरही.

मग श्रीमंत ओरडला. असा ओरडला की कप विसळायचं सोडून आलेला माउली दोन पावलं मागं सरला.

"अजून तसंच. बावीस वर्सं शिकवलं, पाना कुठं धरायचा ते कळलं न्हाई तुला. माज्या पुलरचे पाय मोडायला आलास का? सोड. बिडु, बिडु म्हनतो ना."

बिडु म्हणजे सोड. सहा वर्षांत त्याच्या तोंडून निघालेला पहिला कानडी शब्द. त्याने पाना हिसकावून घेतला.

बसलिंगप्पाचा उजवा हात उपरण्यात गेला.

"तुजे पायच लेचे," तो तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला. "माजा बोल्ट हाय म्हनून उभे हाईत."

"बोल्ट धर नुसता. वाकडा जाईल. तेवढं तरी जमंल का?"

"तुज्या बापाला इचार जमतंय का."

बसलिंगप्पाने डाव्या पंज्याने बोल्टाचं डोकं सरळ धरलं, श्रीमंतने पाना फिरवला. पाव वेढा, एक शिवी. पाव वेढा, उलट शिवी. लग्नाची पत्रिका निघाली, त्रेसष्ट नावं निघाली. "छापखाना म्हनं," श्रीमंत दात खाऊन म्हणाला आणि पाना ओढला. "म्याच दिलं न्हाई नाव यादीत," बसलिंगप्पा म्हणाला, आणि हे मात्र तो ओरडून म्हणाला नाही. "पाव्हण्यांनी नगं म्हनलं. म्या ऐकलं."

पाना थांबला. श्रीमंतच्या मनगटावरची शीर वर आली होती. आता हा पाना खाली ठेवेल आणि उद्या सातला मिनीबस येईल, असं शोभाबाईला स्पष्ट दिसलं.

"ठावं हाय मला," श्रीमंत म्हणाला. "सरळ धर."

त्याने पाना ओढला. कट्ट असा आवाज झाला, पुली केसभर सरकली. मग आणखी केसभर. मग ती आपल्या आपण सुटून शोभाबाईच्या ओंजळीत पडली, एक टवका कमी.

"सहा वर्सांचं एका बैठकीत बोलून घेतलं," माउली म्हणाला. लोक हसले. बसलिंगप्पा बोल्टासाठी न थांबता रस्ता ओलांडून गेला.

शोभाबाईने आवाज दाबला. "दादा, त्यांचा हात…"

"पुली धरा. तिरपी बसंल."

चारला जीप सुरू झाली. अर्धा तास इंजिन चालू ठेवून श्रीमंत तापमानाच्या काट्याकडे बघत बसला. काटा मधोमध राहिला, पाण्याचा थेंब पडला नाही. टेबल परत आत गेलं. पुलर त्यावर अख्खा पडला होता.

"ऱ्हाऊ दे की आता तुज्याकडंच," माउली चहा देत म्हणाला. "अप्पा कुठं गाड्या करायलाय?"

"कामून?" श्रीमंत अंगावर गेला. "दुकान न्हाई का ते? उद्या गाडी आली तर पुली काय दातानं काढंल?"

त्याने बोल्ट उलटा पिळून काढला. आटे पुसले, ग्रीस लावलं, बसलिंगप्पाच्याच फडक्यात गुंडाळला आणि शोभाबाईकडे दिला.

"जाताना टाका त्याच्या दारात. सांगा, आमी दुसऱ्याची वस्तू ठिवत न्हाईत." हे त्याने टपरीला, बाकाला आणि रस्त्यापलीकडच्या खुर्चीला नीट ऐकू जाईल असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला चौदा बायका घेऊन जीप फाट्यावरून गेली. माउलीने शेगडी पेटवली. श्रीमंत दुकान उघडून चहाला आला. नेहमीप्रमाणे तो बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसला, तेवढ्यात समोर कुलूप खडखडलं. तो उठला, टपरीच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खिशातला पुलीचा टवका काढून बोटांत फिरवत राहिला.

शटर निम्म्यात थांबलं. बराच वेळ काही आवाज नव्हता. श्रीमंत भिंतीकडेच बघत होता.

मग पत्रा पुन्हा करकरला आणि वर जाऊन टेकला. तेव्हा तो वळला, चहाचा घोट घेतला आणि माउलीला म्हणाला, "बघ. आजबी उशीरच."