बटणांचा डबा

सकाळपासून शिवणवालीचं कशातच मन लागत नव्हतं. समोर शाळेच्या गणवेशांचा ढीग, हातात उलटी जोडली गेलेली बाही, आणि पाठीमागे तिची सहा वर्षांची मुलगी ठकी फरशीवर पडून किंचाळत होती. ठकीला बोलता येत नसे. तिला फळीवरचा बटणांचा डबा हवा होता, आणि आजवर तो किंचाळूनच मिळत आला होता.

वर्तनाचे धडे द्यायला येणाऱ्या बाईंनी नियम सोपा करून सांगितला होता. "जे केल्यानं पदरात काही पडतं, तेच माणूस पुन्हा करतं. तिनं तुमच्या हातावर हात ठेवला, की लगेच डबा द्यायचा. किंचाळली, तर डबा नाही, रागावणं नाही, बघायचंसुद्धा नाही. आधी किंचाळणं वाढेल. तेव्हा कच खाऊ नका."

सोमवारी नव्या शाळेत ठकीला दाखवायला न्यायचं होतं. जुन्या शाळेने या किंचाळण्यापायीच तिला घरी बसवलं होतं. इथेही नकार आला, तर दुसरी शाळा नव्हती.

सांगणं सोपं असतं, ऐकत बसणं कठीण. ठकी आता टाचा आपटायला लागली. शिवणवालीचा दोरा तुटला, तिने तो ओवला, पुन्हा तुटला.

आतल्या खोलीतून सासरे बाहेर आले. "अगं, दे तो डबा. कान किटले माझे."

"बाबा, आज नाही."

"जीव जाईल पोरीचा," म्हणत त्यांनी डबा काढला आणि ठकीपुढे ठेवला. घर एकदम शांत झालं. "बघ, झालं की नाही?"

"झालं ना. आता याहून कमी किंचाळून चालत नाही, हे शिकली ती." तिचा आवाज चिरकला. "सगळं मुसळ केरात घातलंत."

सासऱ्यांना ते लागलं. ते दारातच थांबले. "तुझ्या बाईंचं शास्त्र मला कळत नाही. पण किंचाळायच्या आधी पोर आली होती तुझ्याकडे. तू बाही लावत होतीस. तिनं हातावर हात ठेवला, तो तू झटकलास. 'थांब गं, वाकडी होईल' म्हणालीस."

शिवणवालीने हातातल्या उलट्या बाहीकडे पाहिलं. मऊ, गरम असं काहीतरी मनगटाला लागलं होतं खरं. माशी हाकलावी तसं तिने ते हाकललं होतं. सकाळपासून तिचे कान किंचाळण्याकडे लागले होते, हाताकडे लक्ष ठेवायचं राहूनच गेलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले.

कंटाळून ठकीने डबा सोडला. शिवणवालीने तो परत फळीवर ठेवला आणि मशीनपासून लांब, फरशीवर बसली.

"गणवेश?" सासऱ्यांनी विचारलं.

"राहू देत."

ती बसून राहिली. चुळबुळ थांबत नव्हती. उसवायची बाही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. बऱ्याच वेळाने ठकी आली. फळीकडे पाहून तिने हात उचलला, अर्ध्यातच थांबवला आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं, आता हा हातही झटकते की काय म्हणून.

हात चुकूनही मागे जाऊ नये म्हणून आईने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवलं.

ठकीची बोटं टेकली. शिवणवाली धडपडत उठली, आणि डबा काढायच्या घाईत अर्धी बटणं घरभर सांडली.